पहिल्या गाडीचा भाव

चौकातला फ्लेक्स आबासाहेबांनी स्वतःच लावला होता, आणि म्हणूनच तो आता कुणालाच उतरवता येत नव्हता.

जुलैत सायली व्यापाराच्या वाटाघाटींसाठी परदेशी गेल्याची बातमी आली, तेव्हा घरात पहिला पेढा तिच्या या थोरल्या चुलत्यानं खाल्ला आणि फ्लेक्सही त्यांनीच छापून आणला. सख्ख्या बापाला, म्हणजे शिवशंकरला, एका कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा मिळाली. मधोमध आबासाहेब हात जोडून उभे, त्यांच्या खांद्यामागून सायली डोकावतेय, पाठीमागे विमान, पृथ्वीचा गोल आणि का कोण जाणे, एक सिंह. खाली ठळक अक्षरांत, ‘आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या शिल्पकार, आमच्या कन्या’. करार अजून झालेलाच नाही, आणि सायली दिल्लीतल्या ज्या कपडे निर्यातदारांच्या संघटनेत नोकरीला आहे त्यांच्यातर्फे फक्त टिपणं काढायला गेली आहे, हे दीपमालानं सांगून पाहिलं होतं. पण लेकीबद्दलची खरी माहिती आईकडे असू शकते, असं या घराण्यात कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

मग ऑगस्ट उजाडला. अमेरिकेनं आपल्याकडच्या मालावर जबर कर बसवला, म्हणून आपल्या गिरण्यांचा धीर सुटला, म्हणून त्यांना कापूस स्वस्त मिळावा असं ठरलं, म्हणून सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं शुल्क उठवलं. आधी सप्टेंबरपर्यंत, मग वर्षअखेरपर्यंत. परदेशी कापसाच्या गाठी बंदरात उतरू लागल्या आणि गेवराई तालुक्यात बोंड फुटायच्या आत भाव पडला. एवढ्या सगळ्या ‘म्हणून’च्या मागे नक्की कोण आहे, हे शोधायला लोकांना लांब जावं लागलं नाही. तिचा फोटो चौकातच होता, विमानासकट.

‘‘आबासाहेब, शिल्पकार कवा येणार हायेत?’’ चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं. ‘‘जरा आमच्या कापसाचाबी भाव कोरून घ्यायचा व्हता.’’

फ्लेक्स उतरवावा तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, ठेवावा तर रोज बेइज्जती. आबासाहेबांनी तिसरा मार्ग काढला. त्यांनी धाकट्या भावाच्या घरचं दूध बंद केलं.

दोन्ही भावांची घरं एकाच कुंपणात, मध्ये छातीएवढी भिंत आणि भिंतीत एक छोटं दार. त्या दारातून थोरल्यांच्या म्हशींचं दूध इकडे यायचं आणि शिवशंकरच्या जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून, सरकीची ढेप म्हशींसाठी तिकडे जायची. दीपमालाची सासू होती तेव्हापासून हा व्यवहार चालू होता आणि त्याचा हिशेब कुणी कधी ठेवला नव्हता. आबासाहेबांनी दाराला कडी घातली. शिवशंकर कसला ऐकतोय, त्यानं ढेप थांबवली. इकडे चहाला पाकिटाच्या दुधाचा पाणचट रंग आला, तिकडे म्हशी आटल्या. दोन्ही बाजूंचं नुकसान झालं आणि दोन्ही बाजूंनी आपण जिंकल्याचं जाहीर केलं. देशादेशांमध्ये याहून काही वेगळं चालतं, असं सायली फोनवर म्हणाली नाही.

अर्थात पुरुषांनी सरहद्द बंद केली की बायकांना तस्करी करावीच लागते. थोरल्या घरच्या केशरबाई दुपारी धुणं वाळत घालायला भिंतीपाशी यायच्या, आणि धुण्याच्या बादलीत तळाशी दुधाची किटली असायची. दीपमाला त्याच बादलीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली ढेप परत पाठवायची. दोघी जावांचं तीस वर्षांत इतकं एकमत कधी झालं नव्हतं.

दसरा झाला, पाऊस एकदाचा हटला आणि काटापूजनाचा दिवस ठरला. हंगामाची पहिली खरेदी म्हणजे भरल्या गाड्या तोलायच्या, जिनिंगच्या भुईकाट्याची पूजा, पहिल्या गाडीला औक्षण, गाडीवाल्याला नारळ आणि फेटा, आणि मग मालकानं मोठ्यानं सांगायचा मुहूर्ताचा भाव. ही पहिली गाडी कायम आबासाहेबांची. त्यांची ट्रॉली काट्यावर चढली की मागे आजूबाजूच्या गावांची रांग लागते. आणि या वर्षी ती कुठं जाणार, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. उमापूरच्या वाटेवर एक नवी जिनिंग उभी राहिली होती आणि तिच्या मालकानं आबासाहेबांकडे शाल पाठवल्याचं शिवशंकरच्या कानावर आलं होतं. शालीला आबासाहेब कधी नाही म्हणत नाहीत, हे तर सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं.

शिवशंकरला जिनिंगची काळजी होती. दीपमालाची काळजी वेगळी होती. जिनिंग चालली काय न चालली काय, तिनं दोन्ही दिवस पाहिले होते. पण ट्रॉली दुसरीकडे वळली तर भिंतीतल्या दाराची कडी पुन्हा निघणार नाही, आणि ती घातली गेली ती सायलीमुळे, असं हे घर पुढच्या तीन पिढ्या सांगत राहील. पोरीनं मग या उंबऱ्यात पाहुण्यासारखं यायचं आणि पाहुण्यासारखं जायचं. नेमकी तीच पोर रजा काढून आदल्या दिवशी येऊन उतरली होती. फोनवर सगळं ऐकूनही आली होती. याला हिंमत म्हणायचं की बापाचा हेकटपणा, ते दीपमालाला ठरवता येईना.

संध्याकाळी बैठक बसली. आबासाहेब भिंतीतल्या दारातून न येता रस्त्याला वळसा घालून पुढच्या फाटकानं आले, कारण तत्त्व म्हणजे तत्त्व. मध्यस्थी करायला त्यांचे जावई भागवत सोलापूरहून मुद्दाम आले होते. त्यांचा टॉवेलांचा कारखाना होता आणि निम्मा माल अमेरिकेला जायचा, त्यामुळे आंतरराष्ट्रीय विषय त्यांच्याकडेच सोपवावा असं सर्वांचं मत पडलं.

दीपमालानं चहा आणून ठेवला. आबासाहेबांनी एक घोट घेतला आणि कप लांब धरून त्याच्याकडे पाहिलं.

‘‘दूध कुठलं हाय बे, शिवशंकर?’’

दीपमाला दाराआड उभी होती. थोरल्या दिराशी ती लग्न झाल्यापासून एकदाही थेट बोललेली नव्हती. बोलायचं ते ‘म्हणावं’ लावून, नवऱ्याच्या नाहीतर जावेच्या मार्फत.

‘‘म्हणावं पाकिटाचं हाय,’’ ती आतून म्हणाली. ‘‘म्हणावं आवडलं नसंल तर घरचं मागवून घ्या.’’

तिच्या शेजारी उभ्या केशरबाईंनी पदर तोंडाला लावला. आबासाहेबांनी कप खाली ठेवला आणि मुद्द्याला हात घातला.

‘‘माझी काय बी तक्रार न्हाई. पोरगी हुशार हाय, दिल्लीत ऱ्हाती, इंग्रजीत लिवती. फक्त मला एक सांगा, हा जो शुल्क उठवा म्हनून कागद सरकारला गेला, त्यात हिचा हात हाय का न्हाई? लोकं मला ईचारायलेत. मी काय सांगू?’’

‘‘अहो दादा, तिचा काय संबंध?’’ शिवशंकर घाईघाईनं म्हणाला. ‘‘ती नुसती टिपणं...’’

‘‘मसुदा मीच लिहिला, आबा,’’ सायली म्हणाली.

शिवशंकरनं डोळे मिटून घेतले. दहा वाक्यांची जुळवाजुळव त्यानं दुपारपासून केली होती आणि पोरीनं ती एका वाक्यात मातीत घातली.

‘‘संघटनेचा अर्ज होता. अमेरिकेच्या करामुळे ऑर्डरी रद्द होत होत्या. कच्चा माल स्वस्त झाला नाही तर काम व्हिएतनामला जाईल, तिरुपूरच्या, नोएडाच्या कारखान्यांतल्या बायका घरी बसतील, असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. एकट्या माझ्या कागदानं झालं असंही नाही, पण त्या ढिगात माझाही कागद होता.’’

‘‘बघा,’’ आबासाहेब जावयाकडे वळले, ‘‘कबूल करायली. आता बोला जावईबापू, तुमचं काय म्हननं हाय?’’

भागवतनी घसा साफ केला. ‘‘शेतकऱ्यावर अन्याय झाला, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय.’’

‘‘दाजी,’’ सायली म्हणाली, ‘‘आमच्याबरोबर तुमच्या संघटनेनंही अर्ज दिला होता. सुताचा भाव उतरला तसा तुम्ही मला आभाराचा मेसेज पाठवलात.’’

‘‘अर्ज संघटनेचा आहे,’’ भागवत शांतपणे म्हणाले. ‘‘मी इथं व्यक्ती म्हणून बोलतोय.’’

आबासाहेबांनी पंख्याकडे पाहिलं. जावई हा जावई असतो. त्याच्या कारखान्यात स्वस्त सूत गेलं तर ती धंद्यातली हुशारी, आणि पुतणीनं अर्ज लिहिला तर तो गावाशी द्रोह, हे त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण पंख्याकडे बराच वेळ पाहिलं. दोन वर्षांपूर्वी साखर परदेशी पाठवायला मनाई झाली तेव्हा हेच आबासाहेब साखर कारखान्याचे संचालक म्हणून मुंबईला धरणं द्यायला गेले होते. व्यापार मोकळा पाहिजे, असं त्यांच्या हातातल्या पाटीवर होतं. उसाचा व्यापार मोकळा आणि कापसाचा बंद, असं ज्याला समजत नाही त्यानं राजकारणात पडू नये.

‘‘तरी बी मी मोठ्या मनाचा मानूस हाय,’’ आबासाहेब म्हणाले. ‘‘पन इज्जतीचा प्रश्न हाय. माझा फोटू हाय त्या फ्लेक्सवर. माझी गाडी हिकडं आली आन ही पोरगी काट्यापाशी उभी दिसली, तर लोकं म्हनतेल, चुलता-पुतनी आतून एकच हायेत.’’

‘‘आणि नाहीत का?’’ सायलीनं विचारलं.

आबासाहेब उठले, शिवशंकर उठला, भागवत उठले, आणि तिघं अंगणात लिंबाखाली जाऊन उभे राहिले. घरातले मोठे निर्णय बैठकीत कधीच होत नाहीत. बैठक असते चहासाठी. दीपमाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. शिवशंकरनं दोनदा मान हलवली, एकदा नाही अशी आणि मग, जरा वेळानं, हो अशी. दुसरी मान हलताना त्यानं खिडकीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

तिघं परत आले ते हसतच. ‘‘समेट झाला,’’ भागवतनी जाहीर केलं. ‘‘दोन्ही बाजूंचा मान राहील असा.’’

मान राहण्याची रीत अशी होती. आबासाहेबांची ट्रॉली उद्या शिवशंकरच्याच काट्यावर येणार. पहिल्या गाडीला दरवर्षीसारखाच चढा भाव मिळणार. फ्लेक्सवर भागवत स्वखर्चानं दिवाळीच्या शुभेच्छांचा नवा फ्लेक्स चढवणार. आणि सायलीनं सकाळच्या पहिल्या बसनं संभाजीनगर गाठून दिल्लीला परत जायचं, पूजेच्या आधी.

‘‘एका दिसाचा तर प्रश्न हाय,’’ शिवशंकर जमिनीकडे बघत म्हणाला.

सायली हसली. ते हसणं दीपमालाला अजिबात आवडलं नाही. ‘‘पप्पा, मी वर्षभर करारांच्या बैठकांना बसते. तिथंही असंच असतं. जो खोलीत नसतो, त्याच्यावर सगळ्यांचं एकमत होतं.’’

‘‘तिकडं जे शिकलीस ते हिकडं शिकवू नको,’’ आबासाहेब म्हणाले आणि पुढच्या फाटकानं वळसा घालून घरी गेले.

स्वयंपाकघरात दोघी जावा आणि सायली एवढ्याच उरल्या. दीपमाला भाकरी थापत होती आणि प्रत्येक भाकरीचा राग परातीवर निघत होता.

‘‘जाऊ दे तिला,’’ केशरबाई हळूच म्हणाल्या. ‘‘यांचं डोकं मला ठाऊक हाय. हप्ताभरानं इसरतेल. पोरगी डोळ्यापुढं ऱ्हायली की त्यांना टपरीवरचं बोलनं आठवतंय.’’

‘‘आक्का, तुमची रमा जेव्हा माहेरी येती तवा तिला कुनी म्हनलं का, पहिल्या बसनं जा म्हनून? तिच्या नवऱ्याचा टॉवेल त्याच कापसाचा हाय.’’

रमा म्हणजे भागवतांची बायको, केशरबाईंची एकुलती लेक. त्या म्हणाल्या, ‘‘न्हाई म्हनलं. आन म्हनू बी देनार न्हाई मी.’’ मग त्यांनी दीपमालाच्या हातातून पुढची भाकरी घेतली आणि तव्यावर टाकली. दीपमाला काय म्हणतेय ते त्यांना बरोबर कळलं होतं, आणि कळलं होतं म्हणूनच त्यांनी मान वर केली नाही.

सायली बॅग भरायला लागली. दीपमाला दारात जाऊन उभी राहिली.

‘‘काय करायलीस?’’

‘‘पप्पांनी शब्द दिलाय, आई.’’

‘‘त्यांनी दिलाय. मला कुठं कुनी ईचारलं? तुला तरी ईचारलं का?’’ तिचा आवाज चढला तसा तिनं दाबला, मग न दाबताच बोलली. ‘‘तू चुकली असशील. मला त्या शुल्काचं काय बी कळत न्हाई. पन चुकलेल्या मानसानं हितं उभं ऱ्हावं का पळून जावं, एवढं मला कळतंय. तुला हाकलून हे घर जोडायचं असंल, तर मला ते जोडलेलं घर नको.’’

सायलीनं बॅग तशीच उघडी ठेवली. लहानपणी ताप आला की ती जशी आईच्या कमरेला डोकं टेकायची, तशी टेकून बसली. दीपमालाचे हात पिठानं भरलेले होते, म्हणून तिनं तिला जवळ घेतलं ते कोपरांनीच.

सकाळी जिनिंगच्या फाटकाला झेंडूची तोरणं लागली. भुईकाट्याला हळदीकुंकू वाहिलं, गुरुजींनी मंत्र म्हणायला सुरुवात केली, आणि तालुक्याच्या पेपरचा वार्ताहर मोबाइल पुसून तयार झाला. रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग पार कॅनॉलच्या पुलापर्यंत गेली होती. ओला-सुका, पावसानं डागाळलेला, जसा हाती लागला तसा पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन लोक आले होते, कारण सरकारी खरेदी अजून सुरू व्हायची होती आणि घरात कापूस ठेवून दिवाळी होत नाही. सगळ्यांच्या पुढे आबासाहेबांची ट्रॉली. ते स्वतः ट्रॅक्टर चालवत होते. पांढरा सदरा, गुलाबी फेटा, आणि चेहऱ्यावर भावाला माफ करणाऱ्या माणसाचा थकवा.

दीपमाला औक्षणाचं ताट घेऊन पुढे आली. तिच्या मागे सायली होती.

आबासाहेबांचा पाय ब्रेकवर गेला. ट्रॅक्टरचं पुढचं चाक काट्याला टेकलं होतं. त्यांनी सायलीकडे पाहिलं, मग शिवशंकरकडे, आणि शिवशंकरनं गुरुजींकडे पाहिलं, जणू मंत्रातच काही खुलासा असेल. आबासाहेबांनी रिव्हर्स टाकला. मागून लगेच दहा हॉर्न वाजले. मागच्या ट्रॅक्टरनं आपलं तोंड ट्रॉलीला अगदी भिडवून ठेवलं होतं, त्याच्या मागच्यानं त्याला, आणि असं पुलापर्यंत. तालुक्यात ज्यांच्या मागे सगळे येतात म्हणून ख्याती होती, त्यांना मागे फिरायला जागाच उरली नव्हती.

‘‘शिवशंकर! काय ठरलं व्हतं बे आपलं?’’

‘‘दादा,’’ दीपमाला म्हणाली.

तिनं ‘म्हणावं’ लावलं नाही. गर्दीत ज्यांना ही गोष्ट कळत होती त्या बायका टाचा उंचावून बघू लागल्या. दीपमालाच्या डोईवरचा पदर नीट होता आणि आवाजही.

‘‘दादा, ठरलं ते तुमचं दोघांचं. मी त्यात नव्हते. आज मुहूर्ताचा भाव सायली सांगंल. तिच्यामुळं भाव पडला म्हनता ना? मग तिच्याच तोंडून ऐका.’’

शिवशंकरनं खिशातून चिठ्ठी काढली होती, ती हातातच राहिली. भाव त्यानं ठरवून ठेवलाच होता, म्हणजे दोन भाव. एक वार्ताहरासमोर पहिल्या गाडीसाठी सांगायचा, फोटोपुरता. दुसरा दुसऱ्या गाडीपासून द्यायचा, त्याहून बराच खालचा. ही पद्धत सगळ्यांना माहीत होती. पेपरात चढा भाव छापून यायचा, आबासाहेबांच्या खिशात तो जायचा, आणि बाकीच्यांना मुहूर्ताचा नारळ बघायला मिळायचा. इतक्या वर्षांत याविरुद्ध कुणी ब्र काढला नव्हता, कारण प्रत्येकाला वाटायचं, एक ना एक दिवस आपली गाडी पहिली असेल.

सायलीनं बापाच्या हातातून चिठ्ठी घेतली, वाचली आणि परत दिली. मग ती काट्यावर चढून उभी राहिली. दिल्लीत ती माईकवर बोलते. इथं माईक नव्हता.

‘‘क्विंटलला सहा हजार आठशे,’’ ती मोठ्यानं म्हणाली. ‘‘पहिल्या गाडीला तोच आणि आज येणाऱ्या शेवटच्या गाडीलाही तोच. मोठ्या भावाला वेगळा, गावाला वेगळा, असं नाही.’’

पहिल्या गाडीचा भाव यामुळे बराच उतरला होता आणि बाकीच्यांचा थोडासा चढला होता. रांगेत कुजबुज झाली, आणि मग ज्याला त्याला आपल्या गाडीचा हिशेब लागला तसा एक हुंकार उठला. कुणीतरी शिट्टी मारली.

‘‘हा फैसला तुझा हाय का शिवशंकर?’’ आबासाहेब ओरडले.

शिवशंकरनं आधी भावाकडे पाहिलं आणि मग पुलापर्यंतच्या रांगेकडे. रांग लांब होती. ‘‘पोरगी म्हनती तेच,’’ तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याची मान जरा ताठ झाली. हा करार काल रात्रीपेक्षा फायद्याचा आहे, हे त्याच्या उशिरा का होईना लक्षात आलं असावं.

मागून हॉर्न सुरूच होते. आबासाहेबांना पुढेच जावं लागलं. ट्रॉली काट्यावर चढली, वजन झालं, आणि ती पलीकडे उतरली. तिथून डावीकडे कापसाचा ढीग, सरळ गेलं तर बाहेरचं फाटक. दीपमाला ताट घेऊन डाव्या हाताला थांबली होती. आबासाहेबांनी तिच्याकडे न बघता ट्रॅक्टर सरळ घेतला आणि फाटकात नेऊन उभा केला. इंजिन चालू होतं.

दुसरी गाडी छबुबाईची. आठ एकरांची मालकीण, तीन खटले जिंकलेली, आणि भांडणात तिच्यापुढे तलाठीसुद्धा उभा राहत नाही असा लौकिक. वजन होऊन ढिगापाशी आल्यावर तिनं भाड्याचा ट्रॅक्टर थांबवायला लावला आणि ट्रॉलीतल्या कापसावर बसूनच बोलली.

‘‘भाव सांगितलास, झाक केलंस. पर पोरी, मला एक सांग. तो कागद लिवलास तवा तिकडच्या बायकांचं लिवलंस म्हनं. आमची आठवन आलती का?’’

दीपमालाला वाटलं, आता ही काहीतरी सांगेल. आकडे सांगेल, अमेरिकेचं सांगेल, धोरण कसं असतं ते सांगेल. सांगावं, असंही तिला वाटलं. सायलीनं एकदा आईकडे पाहिलं, पण आईजवळ तिला द्यायला काही नव्हतं. पोरीला इथं उभं करणं तिच्या हातात होतं, ते तिनं केलं होतं.

‘‘न्हाई काकू,’’ सायली म्हणाली. ‘‘न्हाई आली.’’

वार्ताहरानं मोबाइल खाली घेतला, कारण याचा फोटो कसा काढायचा ते त्याला कळेना. छबुबाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

‘‘का न्हाई आली, ते आता मला ईचारायचं न्हाई. दिसतंय,’’ ती म्हणाली. ‘‘चढ वर. माझा गडी आला न्हाई आज. गाडी रिकामी करू लाग. आन पुढच्या टायमाला लिवायला बसशील तवा हात दुखत ऱ्हायले पाह्यजेत.’’

शिवशंकर पुढे सरसावला. ‘‘अहो छबुबाई, हमाल हायेत की आपले...’’

‘‘तुमी गप बसा हो,’’ दीपमाला त्याला म्हणाली.

सायलीनं चपला काढल्या आणि चाकावर पाय देऊन वर चढली. कापसात तिचा पाय गुडघ्याइतका रुतला, ती तोल जाऊन पडली, आणि रांगेतली माणसं हसली. ती उठली. दोन्ही हातांनी कवळभर कापूस तिनं ढिगावर टाकला, त्यातला अर्धा खाली सांडला. पुन्हा वाकली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते कापसाच्या धुळीनं की कशानं, हे दीपमालाला खालून दिसेना, आणि धुळीनं असेल अशी तिनं स्वतःची समजूत घातली नाही. छबुबाई कसं उचलायचं ते शिव्या देऊन शिकवत होती. मागच्या गाडीवरची एक बाई उतरून आली आणि मदतीला लागली.

केशरबाई केव्हातरी दीपमालाच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी फाटकाकडे नजरेनं दाखवलं. आबासाहेब स्टिअरिंगवर हात ठेवून, मान वळवून छबुबाईच्या ट्रॉलीकडे बघत बसले होते. पुढे रस्ता मोकळा होता. उमापूरची, नव्या जिनिंगकडची वाट तिथून दिसत होती आणि त्यांना अडवणारं कुणी नव्हतं.

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं, पण ते खाली काही उतरले नाहीत.